रिलेचे पाच पाय

३ फेब्रुवारी, मंगळवार

स्टोअरमधले रिले मोजले. एकशे चाळीस. म्हणजे शेतपंपाच्या मोटरची एकशे चाळीस कार्डं, आणि मग सोल्डरिंगचं बेंच बंद.

सप्लायरचा आज स्पष्टच फोन आला. हा रिले बनवायचाच बंद झाला, आता कुठंच मिळणार नाही. नवा आहे तो लहान, चौकोनी. ताकद तीच, पण पाय वेगळ्या जागी. आमच्या बोर्डाच्या भोकांत बसत नाही. मी दाबून बघितला. नाहीच बसत.

आमचे मालक बिराजदार साहेब (यापुढं बि.सा., रोज एवढं मोठं नाव कोण लिहीत बसणार) दुपारभर येरझाऱ्या घालत होते. बोर्डाचं डिझाइन काढणारा पंकज दिवाळीतच पुण्याला गेला, तिकडं मोठी नोकरी. त्याच्या कॉम्प्युटरवर तेव्हापासून कव्हर. आणि करमाळ्याचा डीलर रोज विचारतोय. उन्हाळ्याच्या आत माल पायजे. बरोबर आहे त्याचं. थ्री-फेजमधली एक फेज गेली आणि मोटर तशीच चालू राहिली की जळते. आमचं कार्ड ती बंद करतं. म्हणजे खरं तर कार्डावरचा हा रिलेच करतो. टक.

शबाना शेजारच्या स्टुलावरून म्हणाली, "रिले नहीं तो अपन भी नहीं, ताई." हसत म्हणाली. पण बेंचवर आम्ही सहा जणी, आणि सहाही जणींची पोटं या रिलेवर.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बि.सा.नी पंकजला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणे दहा मिनिटांचं काम. "फक्त फूटप्रिंट बदलायचा, साहेब. रविवारी करून मेल करतो."

मग मला फोन दिला, सहज. मी विचारलं फूटप्रिंट म्हणजे काय रे. तो म्हणाला, "ताई, तुम्ही रोज ज्याच्यावर सोल्डर करता तेच. पार्टाचे पाय बसायची जागा. भोकं, भोवतीचे पॅड, प्रत्येक पॅडाला नंबर." 

एकोणीस वर्षं त्याच्यावर कथील ओततेय. नाव आज कळलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत पंकजच्या कॉम्प्युटरवरचं कव्हर काढलं. आधी विचारलं, "साहेब, बघू का जरा?"

"बघा की. पण काय दाबू नका."

दाबल्याशिवाय काय दिसणार? दाबलं. आमचं कार्ड आलं स्क्रीनवर. हिरवं नाही, काळ्यावर लाल-निळं. पाच मिनिटं ओळखूच येईना. मग ट्रान्सफॉर्मरची जागा सापडली आणि सगळं एकदम ओळखीचं झालं. फक्त डावं-उजवं फिरल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, हे बोर्ड वरून काढलेलं आहे. मी याला बघते ते नेहमी खालून, सोल्डरच्या बाजूनं.

पालकाची भाजी तशीच राहिली डब्यात.

९ फेब्रुवारी, सोमवार

पंकजची फाईल आली. नवा रिले जागेवर बसवलेला, वायरिंगसुद्धा केलेलं.

खात्री करायची पद्धत त्यानंच सांगितली. कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढायची, कागद थर्माकोलवर चिकटवायचा आणि पार्टाचे पाय टोचून बघायचे. पहिली प्रिंट फुकट गेली, प्रिंटरनं पानात बसावं म्हणून चित्र बारीक केलं होतं. दुसरी बरोबर आली. रिले ठेवला, दाबला. पाची पाय पाची भोकांत.

शबाना ओरडली, "बराबर बैठ्या!" बि.सा. कानडीत सुटले, "छलो आत! छलो आत!" म्हणजे झकास झालं; फारच खूष असले की ते कानडी बोलतात. पाचशे बोर्डांची ऑर्डर उद्या चार वाजता बोर्ड बनवणाऱ्या कंपनीला मेल करायची ठरली.

मी पण खूष आहे. तरी काहीतरी खटकतंय. काय ते कळत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

कळलं.

सकाळी बेंचवर बसल्या बसल्या नवा रिले हातात घेतला आणि सवयीनं उताणा केला, पाय वर. एका टोकाला तीन पाय, दुसऱ्या टोकाला दोन. हे दोन म्हणजे जुळे भाऊ. दिसायला सारखे, कामं उलटी. एक एन-सी, रिलेला करंट नसताना जोडलेला. दुसरा एन-ओ, करंट आला तरच जोडला जाणारा. आमची मोटर एन-ओवर चालते, म्हणून तर फॉल्ट आला की थांबते.

मीटर लावला. जोडलेल्या पायाला मीटर बीप करतो, पण बीप वाजली ती भलत्याच पायाला. पंकजच्या प्रिंटवर तिथं एन-ओ लिहिलंय.

परत लावला. परत तिथंच बीप. दुसरा रिले घेतला, तिसरा घेतला. तेच.

मग रिलेचा माहितीचा कागद काढला. पायांच्या चित्राखाली बारीक इंग्रजी अक्षरं. भिंग लावून वाचली. चित्र खालच्या बाजूनं बघून काढलंय असं लिहिलंय. पंकजनं ते वरून काढलंय समजून जसंच्या तसं उतरवलं. आरशातलं झालं. भोकं तरी पण जुळतात, कारण जुळे भाऊ दोन्हीकडून सारखेच बसतात. कागदाच्या परीक्षेत म्हणून पास.

म्हणजे पाचशे कार्डं अशी, की सगळं ठीक असताना मोटर बंद, आणि फेज गेली की चालू.

सगळं उचललं. बि.सा.च्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, आज मेल करू नका."

"का?"

"भोकं बरोबर आहेत. नंबर उलटे आहेत."

"बाई, डिझायनरनं काढलंय ते. तुमचं काम सोल्डरिंगचं. मला आधीच उशीर झालाय."

रिले, मीटर आणि प्रिंट त्यांच्या टेबलावर मांडली. रिले उताणा केला. "तुम्हीच लावा मीटर." त्यांनी लावला. बीप. प्रिंट बघितली. परत लावला. बीप. चष्मा काढून पुसला.

मग पंकजला फोन. स्पीकरवर बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. नंतर, "ताई... बॉटम व्ह्यू लिहिलंय. शप्पथ, मी बघितलंच नाही."

बि.सा. म्हणाले, "मग आता दुरुस्त करून दे." तो म्हणाला, महिनाअखेरीपर्यंत एक मिनिट नाही, त्याच्या कंपनीत ऑडिट चालू आहे. बाहेरचा डिझायनर तीन आठवडे सांगतो, हे आधीच विचारून झालेलं. स्टोअरमध्ये एकशे तीन रिले उरलेत.

आता कोण करणार, बि.सा. म्हणाले. माझ्या तोंडून निघालं, "मी करते."

आता लिहिताना कळतंय काय बोलून बसले.

संध्याकाळी यांना सांगितलं. आमचे हे नवी पेठेत एका टेलरच्या दुकानात कटिंग मास्टर आहेत, त्यांना रिले काय माहीत. तरी अर्ध्यातच म्हणाले, "कळलं. कापड उलटं पसरून खडू मारला. माप बरोबर, पण डावी बाही उजवीची झाली." बि.सा.ना समजवायला मला अर्धा तास लागला होता.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दोन तास बेंच, मग कॉम्प्युटर. बि.सा.नी सांगितलंय, बेंचचं शबाना बघेल.

फूटप्रिंट उघडला. पॅड चारचा पाच केला, पाचचा चार. सगळे फूटप्रिंट साठवतात त्या लायब्ररीत नवीन नावानं सेव्ह केला. मग बोर्डावर जाऊन रिलेवर क्लिक, 'चेंज फूटप्रिंट', नवं नाव, ओके. एवढंच करायचं असं पंकज म्हणालेला.

रिले गायब! शोधला तर बोर्डाच्या बाहेर जाऊन आडवा पडलेला. ओढून आणला तर जुन्या ट्रॅकवर, म्हणजे तांब्याच्या रेघांवर बसला. जे जोडायचं होतं ते सुटलं, जे जोडायचं नव्हतं ते जोडलं. तपासणीचं बटण दाबलं. सत्तावीस चुका. सत्तावीस लाल बाण.

कंट्रोल-झेड. सगळं परत पहिल्यासारखं.

हा शोध ज्यानं लावला त्याला शंभर वर्षं आयुष्य लाभो. बेंचवर एकदा पॅड जळाला की जळाला.

१२ फेब्रुवारी

परत सत्तावीस. जेवले नाही. बि.सा. दारातून दोनदा डोकावून गेले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पंकजचा फोन. मनाला लागलंय त्याच्या. म्हणाला, "ताई, एवढं कशाला? फूटप्रिंट आहे तसाच राहू द्या. दोन ट्रॅक उलटे जोडा, कार्ड चालेल."

"चालेल. पण लायब्ररीत चूक तशीच राहील. पुढच्या कार्डाला कोण उताणा करून बघणार?"

पटलं त्याला. मग म्हणाला, "बरोबर आहे. मलाच सुचायला पाहिजे होतं." मग पाऊण तास फोनवरच शिकवलं. जुना ट्रॅक कसा पुसायचा, नवा कसा ओढायचा, बारीक रेघ दिसते ती म्हणजे 'इथं जोडायचं राहिलंय' ही आठवण. चांगला आहे पोरगा. घाईत चुकला, एवढंच.

सत्तावीसचे एकोणीस.

१६ फेब्रुवारी, सोमवार

नऊ उरले. हे नऊ हलत नाहीत.

नवा रिले लहान. त्यात नंबर उलटल्यावर मोटरचा ट्रॅक आतल्या बारा व्होल्टच्या पॅडांजवळून न्यावा लागतो. मधली जागा कमी. एवढ्या जवळून चारशे व्होल्ट उडी मारू शकतो. सॉफ्टवेअर सोडत नाही, आणि बरोबरच करतंय.

रिले फिरवला. दहा चुका. सरकवला. चौदा.

दुपारी चहा पिताना बेंचवरचं एक जुनं कार्ड उचललं, नुसतंच. तो गोल कपॅसिटर रिलेला टेकून उभा. इतकी वर्षं मी त्याला शिव्या देतेय, कारण तिथं सोल्डरगनचं टोकच जात नाही, बोट भाजतं. आणि मनात आलं, हा इथं पायजेच कशाला? तिकडं कोपऱ्यात मोकळी जागा पडलीय की!

चहा तसाच ठेवून आले. कपॅसिटर कोपऱ्यात नेला. रिलेला जागा झाली.

नऊचे दोन.

१७ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहून ठेवते. गेलं वर्षभर मी कुणाला सांगितलं नव्हतं. जवळचं नीट दिसत नाही. दोनदा चष्म्याचा नंबर वाढला. बारीक पार्ट आले की भिंग धरते आणि बाकीच्यांना कळू नये म्हणून वाकून बसते. वाटायचं, अजून दोन-तीन वर्षं, मग बि.सा. म्हणतील, बाई, घरी आराम करा.

इथं माऊसचं चाक फिरवलं की पॅड भाकरीएवढा होतो. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. हवं तेवढं मोठं करा.

आज दुपारभर काम कमी आणि चाक जास्त फिरवलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शून्य!!

तीन वाजून दहा मिनिटं. तपासणीचं बटण दाबलं आणि खाली चूक शून्य. विश्वास बसला नाही. सेव्ह करून बंद केलं, परत उघडलं, परत दाबलं. शून्य.

बाहेर गेले. शबानाला हातानं खूण केली, दोन बोटांचा गोल केला. ती गन स्टँडवर ठेवून पळत आली आणि स्क्रीन न बघताच मिठी मारली. "मेरेकू मालूम था!" 

मग कागदाची परीक्षा. या वेळी एक पायरी माझी. रिले कागदात टोचला, थर्माकोल काढून कागद उलटा केला आणि खालून पायापायाला मीटर लावला. पाचही पाय, नंबर वाचत वाचत. बि.सा. शेजारी उभे राहून टिक करत होते.

उद्या शिवजयंतीची सुट्टी. बरं झालं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बि.सा. म्हणाले, पाचशे मागवून टाकू. मी म्हटलं पाच.

"पाच? परत आठवडा जाईल."

"जाऊ दे साहेब. एकदा पाचशेवर सही करणार होतो आपण."

पाचच मागवले. जुने रिले अठ्ठावन्न उरलेत. बेंचचा वेग मुद्दाम कमी केलाय. दोघी जणी जुनी कार्डं पुसत बसतात.

२३ फेब्रुवारी

काही नाही. वाट बघणे. शबानाला तपासणीचं बटण दाखवलं. दाबून बघितलं तिनं. "बस इतना?" म्हणाली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बोर्डं आली. पाच, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली.

स्क्रीनवर काढलेली वस्तू हातात आल्यावर काय वाटतं ते लिहिता येत नाही. नखानं ट्रॅक चाचपला. मी ओढलेला वळणदार ट्रॅक, आता तांब्याचा.

पाचही मीच भरली. कुणाला हात लावू दिला नाही. कपॅसिटरच्या जागी गनचं टोक आरामात गेलं, बोट भाजलं नाही.

टेस्ट पॅनेलवर पहिलं लावलं. तीन फेजची तीन बटणं आणि मोटरच्या जागी शंभरचा बल्ब. सगळी कामं थांबलेली. तिन्ही बटणं चालू केली. टक. बल्ब लागला. 

एक फेज काढली. टक. बल्ब गेला.

दुसरी. टक. तिसरी. टक. शबाना मोजत होती, बाकीच्या तिच्या मागं. वीसपर्यंत गेल्या, मग गोंधळ आणि टाळ्या. दुसरं पास, तिसरं पास, चौथं पास. पाचव्याला नुसती शांतता. उलटं करून बघितलं तर एका पायाला सोल्डरच नीट लागलेलं नाही. माझ्याच हातचं! डिझाइनवाली पास आणि सोल्डरवाली नापास. एवढं हसलो सगळ्याजणी. थेंब लावला, टक.

बि.सा.नी पहिलं कार्ड पॅनेलवरून काढलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. खिडकीतून दिसत होतं, कार्ड काढून काढून बघत होते.

२ मार्च, सोमवार

टेंभुर्णीला गेले, बि.सा.च्या गाडीतून. बल्ब वेगळा आणि साडेसात हॉर्सपॉवरची मोटर वेगळी.

आमचा तिकडचा फिटर नवनाथभाऊ, विहिरीवर वाट बघत होता. केळीचा मळा, ऊन तापलेलं. त्यानं जुन्या पेटीत नवं कार्ड बसवलं, मग हातात उलटंसुलटं करून म्हणाला, "ह्यो कपॅसिटर हिकडं कुनी न्हेला? आता पाना घालाय जागा झाली की. पुन्याच्या पोरानं केलं व्हय?"

बि.सा. म्हणाले, "ह्यांनी."

नवनाथभाऊ माझ्याकडं बघतच राहिला. "तुमी? तुमी तर झाळ काम करता न्हवं?"

"ते पण करते," मी म्हटलं.

मोटर चालू केली. पाईपातून पाणी धो-धो. मग त्यानं एक फ्यूज खेचला. मी डोळे मिटले, खोटं कशाला लिहू. टक ऐकू आलं आणि मोटरचा आवाज खाली खाली जात थांबला. पाणी थांबलं.

"लई झ्याक, ताई!" परत फ्यूज लावला, परत खेचला. सहा वेळा. केळीचा मालक शेवटी म्हणाला, आता भिजू द्या की रान.

येताना गाडीत बि.सा. म्हणाले, "त्या दिवशी मी तुमाला बोललो. सोल्डरिंगचं काम तुमचं, असं."

"हो."

"चुकलं."

बास, एवढंच. पण मोहोळपर्यंत खिडकीबाहेर बघत मी एकटीच हसत होते.

५ मार्च, गुरुवार

पाचशे बोर्डांची मेल गेली. मेल मी केली. पंकजला पण पाठवली, माहितीसाठी. त्याचं उत्तर आलं, "ताई, तुमचा फूटप्रिंट माझ्या लायब्ररीत घेतला, चालेल ना?"

यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मग आता पुण्यात पण तुझ्याच मापाचं शिवतात म्हण की." आणि मटण आणायला बाहेर पडले, मी न सांगता.

१० मार्च, मंगळवार

बि.सा.नी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला, दोन कप. हे पहिल्यांदाच.

नवं कार्ड करायचंय म्हणाले. शेतकऱ्यानं घरून मोबाईलवर मोटर चालू-बंद करायची, फॉल्ट आला तर मेसेज. जुन्यात बदल नाही, पहिल्या रेघेपासून नवं. "दिवाळीपर्यंत जमेल?"

"जमवते. पण दोन गोष्टी. शबानाला रोज दुपारी एक तास माझ्याबरोबर कॉम्प्युटरवर बसू द्यायचं. आणि डिझाइनवर माझं नाव."

"बोर्डावर कुणाचं नाव नसतं, बाई. कंपनीचं असतं."

"बोर्डावर नको. फाईलमध्ये चौकट असते, डिझाइन कुणी केलं त्याची. जुन्या फाईलीत पंकजचं आहे. मी बघितलंय."

बि.सा.नी चहा संपवला. "शबानाचं ठीक आहे," म्हणाले. नावाचं म्हणाले, "बघू." होही नाही, नाहीही नाही. मी पण उठले नाही. मग ते फोनवर बोलायला लागले, तेव्हा मी उठले.

कॉम्प्युटरवर येऊन नवी फाईल उघडली. काळा पडदा, एक रेघ नाही. चौकटीत कार्डाचं नाव टाकलं, तारीख टाकली. डिझाइनच्या पुढं पूर्ण टाइप केलं, रंजना दिलीप सोनकांबळे. सेव्ह केलं. बि.सा. हल्ली सकाळी मेल बघायला याच कॉम्प्युटरवर बसतात, उघडतील तेव्हा दिसेलच.

मग पहिला पार्ट घेतला. कुठं ठेवायचा ते अजून ठरत नाही.